काकूंच्या हातचं पन्हं

माझं लग्न काकूंनी जुळवलं नव्हतं. ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं, आणि ठरवून झाल्यावर दोघंही घाबरून गप्प बसलो होतो. पण ते लग्न लग्नासारखं व्हायला हवं, चोरून उरकल्यासारखं नको, हा हट्ट काकूंचा. खरं तर हट्ट हा शब्दही त्यांना पुरत नाही. हट्ट करणारा माणूस निदान समोरच्याशी वाद घालतो. काकू वाद घालत नसत. एखादी गोष्ट मनात आली की ती होऊन गेली असं धरून त्या पुढचं बोलायला लागत. "असं करूया का?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. त्यांची सुरुवातच "ते झाल्यावर मग..." अशी असायची. "ते म्हणजे काय?" असं समोरच्यानं विचारीपर्यंत काकू पायऱ्या उतरून गेलेल्या असायच्या.

सोलापुरात शुक्रवार पेठेत त्यांचं लहानसं माळवदाचं घर होतं. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा त्यातली एक खोली मी भाड्यानं घेतली. मी विधवा होते. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. वडिलांनी लोकांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मला शिकवलं, आणि मी मास्तरीण झाल्याचं बघून ते गेले. माझे केस राहिले तेही त्यांच्यामुळंच.

काकूंचे राहिले नव्हते. लहानपणीच वैधव्य आलेलं, तेव्हापासून अंगावर लाल अलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, दिवसातून एकदाच जेवण, तेही स्वतःच्या हातचं. सोवळं इतकं कडक की सख्ख्या भावाच्या घरीही त्या पाणी घेत नसत. माझा चुकून धक्का लागला तर न कुरकुरता परत अंघोळीला जायच्या. मी ओशाळले की म्हणायच्या, "तुला काय झालंय? सोवळं माझं आहे. सांभाळायचं मी." त्यांच्या सोवळ्यात मी राहावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मी शाळेतून येऊन हात-पाय न धुता भडंग खात बसले तरी त्या बघायच्या नाहीत.

गिरणीच्या भोंग्याशी त्यांचं वैर होतं. भोंगा झाला की सगळं सोलापूर हलायचं, चुली पेटायच्या, दारं उघडायची. काकूंना त्याचा राग. "मला उठवणारा हा कोण?" म्हणून त्या भोंग्याच्या आधी उठून सडा घालून तयार असायच्या, आणि भोंगा झाला की त्या दिशेला तोंड करून विचारायच्या, "आत्ता उठला होय रे?" उन्हाशीही त्या अशाच बोलायच्या. नवऱ्याची म्हणून उरलेली एक मोठी काळी छत्री होती, तेवढी घेऊन त्या चैत्र-वैशाखात भर दुपारी पेठेतून चालायच्या. माळवदावर सांडगे घालतानाही छत्री उघडी करून शेजारी ठेवायच्या. सावली सांडग्यांना नव्हे, स्वतःला.

उन्हाळाभर दारात ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला काकू पाणी द्यायच्या. हमाल असो, विणकर असो, गाढवं घेऊन जाणारा कुंभार असो. वरून धार धरायच्या, आणि तो पीत असताना त्याच्याकडं निरखून बघायच्या. पिण्यावरून माणूस कळतो असं त्यांचं म्हणणं. "हा घटाघटा पितो, सरळ आहे." "हा पिताना इकडंतिकडं बघतो, याच्याशी व्यवहार नको." कोण कुणाचा, काय करतो, हे त्यांना कधी लक्षात राहायचं नाही. कसा पितो हे राहायचं.

अशा बाईला आपलं लग्न सांगायचं म्हणजे खोली सोडायची तयारी ठेवूनच सांगायला हवं होतं. मी ती ठेवली होती. ट्रंक भरली होती. काकू सूप घेऊन तूरडाळ निवडत बसल्या होत्या.

"काकू, मी खोली सोडते."

"का? ढेकूण झाले?"

"मी लग्न करतेय."

त्यांचा हात थांबला नाही. "कुणाशी?"

मी सांगितलं. ते गिरणीच्या हापिसात कारकून होते, मूळचे सांगोल्याचे. आईवडील नव्हते. आमचं ठरल्याचं कळल्यावर थोरल्या भावानं संबंध तोडला होता. शाळेच्या पुस्तकांच्या निमित्तानं ते दोन-चारदा दारापर्यंत आले होते.

"तो होय," काकू म्हणाल्या. "सावकाश पितो. पेला विसळून पालथा घालतो. बरा आहे." मग सूप बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "केळवणं कुणाकुणाकडं?"

मला हसावं की रडावं कळेना. लग्नाआधी नात्यातली, शेजारची माणसं नवऱ्यामुलीला हौसेनं जेवायला बोलावतात, ते केळवण. नवऱ्यामुलीला. विधवेला कोण बोलावणार? मी तसं म्हणाले.

"का? तुला भूक लागत नाही?"

"काकू, आम्ही पुण्याला जाऊन उरकून येणार आहोत. तिथं लावून देणारे आहेत."

"पुण्याला कशाला? तुला इथं राहायचंय, इथल्या पोरींना शिकवायचंय. इथल्या लोकांनी बघायला नको?" त्या उठल्या. उभ्यानं बोलायला लागल्या म्हणजे विषय संपला असं समजायचं. "माझ्या लग्नात मी झोपले होते. मामाच्या खांद्यावर. माझं केळवण झालं म्हणतात, मांडवात वाजंत्री होती म्हणतात. मला काही आठवत नाही. तुझं तुला आठवलं पाहिजे. ते झाल्यावर मग मांडव दारातच घालू, लांब जायला नको."

ट्रंक मी परत उघडली.

दुसऱ्याच दिवसापासून काकू दुपारच्या बाहेर पडायला लागल्या. पुरुष कोर्टात, हापिसात गेले की छत्री घेऊन निघायच्या. पेठेतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं त्यांच्या देखरेखीखाली झालेली. कुणाच्या पोराला घुटी त्यांनी दिलेली, कुणाला शेक-शेगडी त्यांनी केलेली. त्याची आठवण त्या कधी द्यायच्या नाहीत. नुसत्या जाऊन दारात उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. "बसलं की माणूस 'बघू' म्हणतो आणि उठवतो," असं त्यांचं मत होतं.

पण पहिलं केळवण त्यांनी मागितलेलं नव्हतं. ते आपणहून आलं. आमच्या समोरच्या घरात मागांची खटखट दिवसभर चालायची. तिथली नरसम्मा तेलुगू विणकरीण, तिचं मराठी तिच्यासारखंच मोकळंढाकळं. ती एके सकाळी रस्ता ओलांडून आली आणि काकूंपासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, "काय वो काकू, आमाला न्हाय सांगायचं व्हय? पोरगीचं लगीन हाय म्हनं. उद्या जेवाया पाठवा की."

काकूंनी विचारलं, "तुला ठाऊक आहे ना, हिचं हे दुसरं?"

"मग? आमच्यात ते काय नवं न्हाय. मानूस गेला म्हनून बाईनं बसून ऱ्हायाचं व्हय? तुमी मोट्या लोकांचं लई अवघड असतंय बगा."

दुसऱ्याचं ऐकून काकूंनी मान डोलावली. असं फार क्वचित व्हायचं.

मी जेवायला गेले. काकू आल्या, पण आत आल्या नाहीत. बाहेरच्या दगडावर छत्री उघडून बसल्या. नरसम्मानं चिंचेचा भात केला होता, आपल्या पुरणपोळीसारखीच पण तिच्या भाषेतल्या नावाची गोड पोळी केली होती. जेवण झाल्यावर तिनं माझ्या हातापायांना हळद लावली आणि त्याच ओल्या हातानं, बोलता बोलता, कपाळाला कुंकू लावलं. तिला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र तशीच बसून राहिले. एवढ्या वर्षांत माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं, छत्री मिटली आणि म्हणाल्या, "जरा वाकडं लावलंय. चल."

दुसरं केळवण वकिलीणबाईंकडं ठरलं. ठरलं म्हणजे काकूंनी ठरवलं. वकील पेठेतले वजनदार. त्यांच्या बायकोला काकूंना नाही म्हणता आलं नव्हतं आणि नवऱ्याला सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी गडी निरोप घेऊन आला, बाईंना ताप भरलाय, आज जमायचं नाही.

मला वाटलं, संपलं. मी शाळेला निघाले. काकूंनी अडवलं. "आज रजा टाक. बिचारीला ताप आलाय, कुणीतरी बघायला नको?" त्यांनी काडेकिराईत उकळलं, तांब्या भरून घेतला, आणि आम्ही वकिलांकडं गेलो. वकील कोर्टात गेलेले. बाई पांघरूण घेऊन पडल्या होत्या.

काकू उशाशी उभ्या राहिल्या. "घे. कडू आहे, पण ताप ठेवत नाही."

बाईंनी घेतलं. त्यांचा चेहरा बघवेना. थोड्या वेळानं काकूंनी परत वाटी भरली.

"काकू, पुरे की हो."

"ताप उतरेपर्यंत मी हलत नाही. तुझ्या धाकट्याच्या वेळी बसले होते की नाही? तशीच बसते." आणि त्या खरंच बसल्या. कधी नव्हे त्या बसल्या.

तिसरी वाटी पुढं आल्यावर वकिलीणबाई उठून बसल्या. पांघरूण बाजूला केलं. "मला आता बरं वाटतंय."

"वाटणारच," काकू म्हणाल्या. "ते झाल्यावर मग साखरभाताला केशर भिजत घाल."

बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायलाही. "काकू, हे चिडतील हो."

"चिडेल. मग जेवेल."

दुपारी वकील घरी आले तेव्हा मी पाटावर बसलेली, ताटाभोवती रांगोळी, आणि त्यांची बायको मला आग्रहानं वाढत होती. ते उंबऱ्यातच थांबले. मागच्या दारात काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "वकीलसाहेब, हात-पाय धुऊन या. एक पाट रिकामा आहे."

वकिलांनी बायकोकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली, पण वाढायचं थांबवलं नाही. घरभर साखरभाताचा वास सुटला होता आणि मनुष्य सकाळपासून कोर्टात उभा होता. ते मोरीकडं वळले. त्यानंतर दोन-तीन घरं आपसूक उघडली. "वकिलांकडं झालं म्हणे," एवढं एकमेकींना सांगितलं की पुरायचं.

सगळी उघडली नाहीत. काही दारं काकूंना बघून आतून लागायची. एका घरात त्यांना तोंडावर सांगितलं, स्वतःचं नशीब तर फुटलंच, आता दुसरीलाही बाटवायला निघालात. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला ते जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडं उद्या नको. परवा जाऊ."

खरी भिंत होती ती काकूंचे धाकटे भाऊ. मामलेदार म्हणून पेन्शनीत निघालेले, पेठेत शब्दाला मान. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा ते आले, ओसरीवर बसले.

"ताई, हे लग्न तुझ्या दारात लागणार?"

"दारात कसं लागेल? मांडवात लागेल."

ते हसले नाहीत. "मी येणार आहे. आलो नाही तर लोक तुझ्याविषयी बोलतील, ते मला चालायचं नाही. पानसुपारीला बसेन. पण तोंडात काही घालणार नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि मी घेतलं नाही म्हणजे पेठेतलं कुणी घेणार नाही, हे तुला ठाऊक आहे."

याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. लोक येतील, गालिच्यावर बसतील, अत्तर लावून घेतील आणि कोरड्या तोंडानं उठून जातील. तमाशा बघून जावं तसं. उद्या म्हणतील, आम्ही होतो तिथं, पण लग्न मानलं नाही. शाळेच्या कमिटीतले लोकही त्याच मांडवात बसणार होते. त्यांनी मानलं नाही तर माझी नोकरी राहिली नसती.

"ये तर," काकू भावाला म्हणाल्या. "आल्यावर मग बघू."

आमच्या ह्यांचं म्हणणं होतं, पानसुपारीला सोडा-लेमनच्या बाटल्या आणाव्यात, बर्फात गार करून. गोटीची बाटली, बंद तोंडाची, कुणाच्या हाताचा प्रश्न नाही. हापिसातल्या मित्रांनीही तेच सुचवलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"बाटली नाकारायला त्यांच्याकडं कारणं आहेत. कुणी भरली, कुठल्या पाण्यानं भरली. माझ्या हातचं पन्हं नाकारायला काय कारण आहे?"

ते खरं होतं. सोवळ्या बाईच्या हातचं पाणी. त्याहून शुद्ध पेठेत काही नव्हतं. श्राद्धपक्षाला मोठ्या घरांतून स्वयंपाकाला काकूंनाच बोलवत.

मग कैऱ्या आल्या. काकूंनी त्या एकटीनं उकडल्या, एकटीनं गर काढला, गूळ, वेलची, केशर घातलं. माठ माळवदावर वाऱ्याला ठेवून ओली फडकी गुंडाळली. मला जवळ येऊ दिलं नाही. "उद्या कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागायला नको."

लग्न सकाळी लागलं. पुण्याहून गुरुजी आले होते. मांडवात ह्यांचे मित्र, माझ्या शाळेतल्या दोघी, नरसम्माचं सगळं घर, आणि गल्लीतली बघी मंडळी. काकू नव्हत्या. शुभकार्यात समोर येऊ नये हा नियम त्यांनी स्वतःलाच घातलेला. मंगलाष्टकं चालू असताना त्या स्वयंपाकघरात दार लावून बसल्या होत्या. "काकू, निदान दार तरी उघडं ठेवा," मी म्हणाले होते. "ऐकू येतं की," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पानसुपारी. ऊन कलंडलं होतं पण जमीन तापलेलीच होती. मांडव भरला. गिरणीच्या हापिसातले आले, कमिटीतले आले, वकील आले, आणि पुढच्या रांगेत, पांढरंशुभ्र उपरणं घेऊन, मामलेदार बसले. गुलाबपाणी शिंपडून झालं. अत्तर लावून झालं. सनईवाला वाजवत होता. मग ह्यांचे मित्र पन्ह्याची तबकं घेऊन निघाले.

पहिलं तबक मामलेदारांपुढं गेलं. त्यांनी हात जोडले. शेजाऱ्यानं जोडले. त्याच्या शेजाऱ्यानं जोडले. तबक रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि भरलेलंच परत आलं. दुसऱ्या रांगेतही तसंच. सगळेजण घाम पुसत होते, उपरण्यानं वारा घेत होते, आणि गार पन्ह्याचे पेले डोळ्यांसमोरून जाऊ देत होते. मी खुर्चीवर नटून बसले होते. माझ्या शेजारी ह्यांनी खुर्चीची कड घट्ट धरलेली. मी मान वर करून बघितलं नाही. नुसती पेल्यांची किणकिण ऐकू येत होती, रांगेतून जाताना आणि तशीच परत येताना.

तेवढ्यात सनई थांबली.

स्वयंपाकघराचं दार उघडून काकू मांडवात आल्या होत्या. लाल अलवण, हातात तबक. लग्नाच्या मांडवात, सगळ्यांच्या देखत, सोवळी विधवा. मागच्या रांगेतली एक बाई पोराचं तोंड पदराखाली घेऊन बाजूला सरली. काकू कुणाकडं न बघता सरळ चालत गेल्या आणि भावासमोर उभ्या राहिल्या.

"घे."

मामलेदारांनी डोळे वर केले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, आत जा. तुला कळत नाही का? शुभकार्य आहे."

"काय आहे म्हणालास?"

त्यांनी मान आणखी खाली घातली.

"शुभकार्य आहे म्हणालास. मी ऐकलं, या सगळ्यांनी ऐकलं. शुभकार्य असेल तर तोंड गोड केल्याशिवाय उठता येत नाही. आणि नसेल, तर मी इथं उभी राहिले म्हणून काय बिघडलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. डाळ निवडताना बोलायच्या तसाच होता. "पन्हं मी केलंय. सोवळ्यात. घे."

मामलेदारांचा चेहरा लाल झाला. काकू तबक धरून उभ्या. हलायचं नाव नाही. तबकातले पेले मात्र एकमेकांवर वाजत होते. मग मामलेदार उठले. उपरणं सारखं केलं, जोडे घातले आणि मांडवाबाहेर पडले. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. काकूंनी त्यांच्याकडं वळून पाहिलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं ते मी समोरून बघितलं.

त्या एक पाऊल सरकून पुढच्या माणसासमोर उभ्या राहिल्या. पुढचे होते वकील.

"तुम्ही ऐकलंत ना, वकीलसाहेब? शुभकार्य म्हणाला तो?"

वकिलांनी क्षणभर दाराकडं पाहिलं. मग पेला उचलला. "ऐकलं, काकू. साक्षीला मी आहे." आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर, एका दमात रिकामा केला. "वेलची छान लागलीये."

त्यांच्या शेजारी कमिटीचे चेअरमन. काकू त्यांच्यासमोर गेल्या. आता मांडवातल्या प्रत्येकाला कळलं होतं, की पेला घेतल्याशिवाय ही बाई समोरून हलणार नाही. आणि अशा वेळी सोवळी बाई समोर उभी राहिलेली कुणाला नको होती. ज्या अपशकुनाला लोक भीत होते तो काकूंनी हातात धरून माणसामाणसांपुढं फिरवला. चेअरमननी घाईनं पेला घेतला. पुढच्यांनी काकू पोचायच्या आत हात पुढं केला. तहान तर सगळ्यांनाच लागली होती. एकदा घशाखाली गेल्यावर मागच्या रांगांतून "इकडं, इकडं" सुरू झालं. पोरं दोनदा-तीनदा घेऊन गेली. नरसम्मानं मोठ्यानं विचारलं, "काकू, आमाला न्हाय व्हय?" आणि मांडव हसला.

काकूंनी स्वतः थेंबही घेतला नाही. मी त्यांना पेला द्यायला गेले तर म्हणाल्या, "वेडी का काय? माझं अजून जेवण व्हायचंय." तबक ठेवून त्या अंघोळीला गेल्या.

शाळेतली माझी नोकरी राहिली. कमिटीत विषय निघाला तेव्हा चेअरमन म्हणाले म्हणे, आपणच तिथं पन्हं प्यायलो, आता काय बोलणार. पेठेतल्या काही घरांनी पुढं कित्येक वर्षं आमच्याकडं पाऊल टाकलं नाही. त्याचं आम्हाला फार वाटलं नाही.

काकूंचं मात्र तुटलं ते तुटलं. भावानं येणं बंद केलं. आईवडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक दरवर्षी काकू भावाकडं जाऊन करायच्या. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. श्राद्धाच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याकडं गेले. त्यांनी सवयीनं सगळा स्वयंपाक केला होता, पानं काढली होती, आणि त्या रिकाम्या पानांसमोर उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तो लहान असताना खीर मागून मागून खायचा." तेवढंच. मी विचारलं, वाईट वाटतं का, असं केल्याचं?

"वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण परत तेच करेन."

मग त्यांनी खिरीचं पातेलं नरसम्माच्या पोरांसाठी बाहेर काढून ठेवलं.

आम्ही जवळच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं होतं. रविवारी मी काकूंकडं जायची. श्रावणातल्या एका रविवारी ओसरीवर एक गृहस्थ बसलेले दिसले, सांगोल्याकडचे, धुळीनं माखलेले, आणि त्यांच्यामागं भिंतीला चिकटून एक मुलगी. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. वयानं माझ्या शाळेतल्या मोठ्या पोरींएवढी.

गृहस्थ बोलायला अडखळत होते. "आम्ही ऐकलं की... इथं तुमच्याकडं, अशा मुलींचं... म्हणजे स्थळ वगैरे बघून, केळवणापासून सगळं तुम्ही करता. घरी सगळे विरोधात आहेत. मी एकटा घेऊन आलोय."

मला वाटलं, आता काकू छत्री शोधणार. ते झाल्यावर मग, म्हणत मांडवाचं बोलायला लागणार. पण त्यांनी गृहस्थांना हातानं थांबवलं आणि मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला करायचंय का लग्न?"

मुलीनं वडिलांकडं पाहिलं.

"त्यांना नाही, तुला विचारतेय."

मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. काकू हलल्या नाहीत. शेवटी ती खाली बघत पुटपुटली, "मला शाळेत जायचंय."

"अगं पण..." वडील उठले.

"बसा हो तुम्ही," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "हिच्या नावाचं उद्या शाळेत बघ. तुझी खोली तू गेल्यापासून रिकामीच आहे." मग परत मुलीकडं. "जाळीजळमटं झालीत. झाडावी लागेल."

मुलीनं कमरेला पदर खोचला आणि केरसुणी कुठं आहे म्हणून विचारलं.